कधीपासून दुखतंय

आईच्या नावाचं कार्ड आलं,
निळं, प्लास्टिकचं, कडा अजून धारदार.
अनुसया धोंडिराम खरमाटे, वय एकसष्ट.
नवंकोरं असूनही तिनं ते पदरानं पुसलं
आणि रेशनकार्डाच्या पिशवीत सारलं.

त्याआधी कोपरखैरण्याच्या या दोन खोल्यांत
दुखण्यांचे भाव तिला पाठ होते.
गुडघा म्हणजे लेपाची डबी, पंचेचाळीस रुपये, दोन महिने जाते.
छातीत जळजळ म्हणजे मेडिकलवाल्याकडून
कात्रीनं कापून घेतलेल्या दोन गोळ्या.
घेरी म्हणजे भिंत धरून बसणं. फुकट.
डॉक्टर एकदाच बघितला होता तिनं,
वाशीच्या मार्केटात कांद्याच्या थप्पीखाली
दादा सापडले तेव्हा.

नेरूळच्या हॉस्पिटलात काचेचा दरवाजा आपोआप उघडला,
ती मागं सरली, कुणाला तरी वाट दिली.
डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची.
आजी, कधीपासून दुखतंय?
आईनं माझ्याकडं बघितलं.
"कार्ड आल्यापासून."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही.
मग गाठोडं सोडावं तशी सांगत गेली,
डाव्या कानातली शिट्टी,
डोळ्यापुढची माशी, जी हाकलून जात नाही,
रात्री पोटऱ्यांत वळणारे गोळे,
आणि काखेत एक गाठ,
ताईच्या लग्नात हरभऱ्याएवढी होती,
आता बोराएवढी.

ताईचा मुलगा यंदा चौथीला आहे.

बिलिंगच्या खिडकीतला पोरगा म्हणाला,
नुसती तपासणी क्लेममध्ये बसत नाही,
ॲडमिट व्हावं लागेल, किमान चोवीस तास.
आई म्हणाली, "झोपते की.
चोवीस तास कधी झोपलेय मी?"

झोपली नाहीच.
पांढऱ्या चादरीला सुरकुती पडू नये
म्हणून एका कुशीवर, कडेला.
मी स्टुलावर. खिशात फोन,
फोनमध्ये महाप्याच्या कंपनीचा मेल,
कंत्राट मार्चअखेर, पुढचं नंतर कळवू.
तिला बोललो नव्हतो.

दोनच्या सुमारास सलाइनकडं बघत तिनं विचारलं,
"हे कार्ड तुझ्या नोकरीला बांधलंय का रे?"
हो, म्हणालो.
बराच वेळ थेंब पडत राहिले.
"मग सकाळी सांग त्यांना,
सगळं एकदमच बघा म्हणावं.
कानाचंसुद्धा."