दोष आढळला नाही

मी लष्करात राहायचो आणि फौजेच्या कामाला मुरारला जायचो.
पुण्याच्या पाहुण्यांना हे दर वेळी समजावून सांगावं लागे:
आमचं लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातली पेठ,
तिथे शिपायांपेक्षा हलवाई जास्त.

वर्दी मला नव्हती. खिशाला पास,
शेड नंबर चारमध्ये खिडकीशी टेबल,
आणि चौतीस वर्षं बोटांना राळेचा वास.

देश मी फारसा फिरलो नाही.
वायरलेस सेट उघडून उपडा केला
की तोच टेबलावर पडायचा:
जैसलमेरची वाळू, वस्त्रगाळ;
मिझोरमची बुरशी, तारांवर हिरवट लव;
एकदा तर कुंभारीण माशीचं घर,
मातीचं, आतल्या अळीसकट.
वरून, बर्फातून आलेल्या सेटांतून
काहीच पडायचं नाही.

प्रत्येकाबरोबर एक कार्ड.
'ऐकू येत नाही.' 'खरखर.' 'आपोआप बंद.'
कोण बोलत होतं, कोणाशी, काय,
ते कार्डावर नसायचं, आणि विचारायचंही नसायचं.
मी रस्ता दुरुस्त करणारा.
त्यावरून कोण गेलं, ते रस्त्याला ठाऊक.

एकशे सतरा नंबर तीनदा आला.
'आवाज मधेच तुटतो.'
पहिल्यांदा दोन दिवस चालवून पाहिला. तुटला नाही.
लिहिलं: दोष आढळला नाही. खाली सही, मु. बा. खांबेटे.
दुसऱ्यांदा चार दिवस. तेच वाक्य, तीच सही,
फक्त जरा दाबून केलेली:
यांना चालवता येत नाही, आणि म्हणे सेट बिघडलाय.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मे होता.
पत्रा असा तापलेला की आम्ही म्हणायचो,
आज सोल्डरला वीज नको.
रामसेवक तोमर मान पुसत म्हणाला,
"खांबेटेजी, इसे यहाँ की गर्मी रास आ गई है।"
माझा हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी साडेसहा रुपयांचा हिवाळा विकत आणला,
बर्फाच्या कारखान्यातून, पोत्यात, भुशात,
सायकलच्या कॅरिअरवर बांधून,
पडावच्या पुलावर मागे पाण्याची रेघ सोडत.
डब्यात बर्फ, बर्फात जाडं मीठ,
रबरात गुंडाळून सेट आत, कुल्फीसारखा.
तोमर शेडच्या दुसऱ्या टोकाला आकडे म्हणत राहिला.
एक, दो, तीन.
पुन्हा एक, दो, तीन.
चाळिसाव्या मिनिटाला
सहानंतर आठ आला.

केसाहून बारीक चीर.
त्या जोडाला, जो भिंगाखाली सगळ्यात चकचकीत दिसला होता.
उन्हात मिटायची, थंडीत उघडायची.
पाच सेकंदांचं काम. जरासा धूर.
पोत्यात उरलेल्या बर्फाचं सगळ्या शेडने सरबत प्यालं.
मी प्यालो नाही असं नाही.

पण पहिल्या सहीपासून त्या सरबतापर्यंत सात महिने गेले होते.
वर कोणीतरी बटण दाबून काही म्हणालं असेल
आणि त्यातला सात पोचला नसेल.
कदाचित चहाचं असेल. साखर संपली, पाठवा.
मी साखरेवरच थांबतो.
तिच्या पुढे जात नाही.

आता शेड पाडलं. नवे सेट कोणी उघडत नाही,
अख्खी पट्टी बदलतात, तोमरचा मुलगा सांगत होता.

बाहेर जानेवारीचं धुकं, समोरचं घरही गेलेलं.
कुमुदिनी पाठमोरी, मेथी निवडत.
विचारलं, काय झालं?
"काही नाही."
आवाज स्वच्छ. कुठे खरखर नाही.
पूर्वीचा मी सही करून मोकळा झालो असतो.

पाट ओढून जवळ बसलो.
अर्धी जुडी माझ्याकडे घेतली.
चाळीस मिनिटं तरी लागतील.