सोळा इंच

इंगवाल्ड टोफ्टेनं फॉर्म उलटा धरला होता.
चष्मा गाडीत राहिला, म्हणाला,
पण मला वाटतं तो बघत होता
मागच्या बाजूला तरी सरकारनं
काही खरं लिहिलंय का.

पाऊण खर्च आमचा, पाव तुमचा, मी म्हटलं.
जुनं कुंपण काढायचं, साडेचार मैल.
नवं घालायचं चार तारांचं.
वरची बेचाळीस इंचांच्या आत,
खालची बिनकाट्याची, गुळगुळीत,
जमिनीपासून सोळा इंच वर.

सोळाच का?

कारण प्रॉन्गहॉर्न उडी मारत नाही.
घोड्याला मागे टाकणारं हे हरीण
तारेपाशी आलं की थबकतं,
गुडघे मोडतं, खालून सरपटतं.
काटे पाठीवर ओळी ओढतात
आणि मोंटानाच्या हिवाळ्यात
त्याच ओळींतून ऊब गळून जाते.

"बापानं माझ्या काटेरी तार ओढली,
सत्तेचाळीस साली, एका हातमोज्यात.
त्याला कुणी पाऊण दिला नाही.
पावही नाही."

मी गप्प राहिले.
माझ्या घरची माणसं त्या तारेच्या आधीपासून
बैलगाड्या घेऊन याच वाटेनं जायची,
पण फॉर्मात तसा रकाना नाही.

त्यानं सात ठिकाणी सह्या केल्या.
आठवी बायकोची हवी होती.
वर्डेल बाहेर गाडीत बसली होती,
चष्म्यासकट.

ऑगस्टात मी टेप घेऊन गेले
तर हा विलोची काठी घेऊन उभा,
सोळा इंचांवर कापलेली, टोक कोळशानं काळं केलेलं.
"ओढ्यापलीकडे एका खांबाशी साडेपंधरा भरलं.
तू यायच्या आत सरळ केलं."
चेक मात्र चार महिने आला नाही.
त्यावरून फोनवर मला जे ऐकवलं
ते नॉर्वेजियनमध्ये होतं,
तरी कळलं.

मग जानेवारी.
पहाटे सहाला फोन.
"करारात बर्फ कितव्या कलमात आहे?"
कुठल्याच नाही, मी म्हटलं.
"इथं सोळाचे चार उरलेत."
मागे वारा, आणि काहीतरी
पत्र्यावर घासल्यासारखं.
मग फोन ठेवला त्यानं.

गुरुवारी रस्ता उघडला.
तारेखाली खळगे होते,
दर विसेक खांबांमागे एक,
कडा फावड्यानं कापलेल्या, केकसारख्या स्वच्छ,
आणि प्रत्येकातून खुरांची दाटी
एकाच दिशेनं, दक्षिणेला.
टोफ्टे बादली पालथी घालून बसला होता,
भुवयांत बर्फ, फावडं मांडीवर.

"वासरांसाठी," तो म्हणाला.

वासरं जानेवारीत गोठ्याजवळ असतात,
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.
मी थर्मास पुढे केला.
कॉफी पाणचट आहे म्हणाला, तीनदा प्यायला.

मे महिन्यात तपासणी अहवाल भरला:
अटींचे पालन, होय.
जिवंत खांब, सर्व.
अतिरिक्त काम,
इथे पेन थोडं थांबलं.
एका खांबाच्या तुसात चार केस अडकले होते,
पोकळ, ठिसूळ, बोटांत मोडणारे.
ते फाइलीला टाचले
आणि खाली लिहिलं, सोबत: एक.

राजधानीतून आलेल्या ऑडिटरनं
ते पान उजेडात धरलं, परत ठेवलं,
पुढच्या फाइलीकडे वळला.
पावती मागितली नाही, हेही खूप.

काल टोफ्टे पुन्हा आला,
गुरांच्या पाण्याच्या टाकीचा फॉर्म न्यायला.
पाऊण आमचा, पाव तुमचा,
आणि टाकीत शिडी हवी,
पाणी प्यायला आलेलं पाखरू आत पडलं
तर त्याला चढून बाहेर येता यावं म्हणून.

"पाखराला शिडी," तो म्हणाला.
खिडकीबाहेर बघत राहिला बराच वेळ.
यंदाही चष्मा नव्हता.
मग खिशातून पेन्सिल काढून विचारलं,
"किती इंच?"