तीनपेक्षा कमी

इथे देह म्हणजे गाव.
एकतीस देहांचा मिळून एक देहिस्तान.
त्याचं दफ्तर पिठाच्या दुकानावर: दोन खोल्या, एक शिक्का,
आणि भिंतीवरचा नकाशा,
ज्याचा खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय.
त्या कोपऱ्यात दोन गावं होती.

आबान महिना. फरामर्झ निघतो मोटारसायकलवर,
खानेसुमारीचे तक्ते साखरेच्या रिकाम्या गोणीत बांधून.
पहिली दहा गावं सोपी. डांबराला चिकटलेली,
माणसं दारातच उभी, नावं तोंडपाठ,
एक पोरगं तर कुत्र्याचंही वय सांगतं.
मग खडी.
मग नदीचं कोरडं पात्र, त्यातूनच रस्ता.
मग गाडी झाडाला टेकवून पायी.

चश्मे-तल्ख. कडू झरा.
मागच्या वेळी इथे तीन घरं होती.
तिसरं नुसरतखानमचं; तिला मुलाने नेलं केरमानला,
पाचव्या मजल्यावर, लिफ्ट आहे म्हणे.

माहलका अक्रोड सोलत बसलेली,
हात कोपरापर्यंत काळे.
‘लिही,’ ती म्हणते, ‘नुसरत आहे.
तिची किल्ली माझ्याकडे, तिची चूल मी पेटवते गुरुवारी,
पेले धुऊन ठेवते. माणूस आणखी काय करतो घरात?’
फरामर्झ म्हणतो, ‘खानम, माणूस झोपतो.
रात्री जो जिथे झोपतो तिथे तो मोजतात.’
‘मग मी आज तिकडे झोपते.’
‘मग हे घर रिकामं.’
ती गप्प. अक्रोड फुटतो.

चहा येतो. यदुल्लाह येतो वरच्या अंगाने,
मधमाश्यांच्या पेट्यांचा वास घेऊन;
त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो सगळ्यालाच हो म्हणतो.
लग्न झालेलं? हो.
बायको हयात? हो.
माहलका मान हलवते: खोड ते.

आता नियम सांगावा लागतो.
तीनपेक्षा कमी घरं असली तर
गावापुढे आकडा छापत नाहीत.
रेघ मारतात.
‘का?’
‘इतकी कमी माणसं असली
की आकड्यावरूनच ओळखू येतात. तुमची अब्रू राहावी म्हणून.’

ती तक्ता हातात घेते, उलटा.
जुन्या वर्षाच्या पानावर दुसऱ्या कुठल्या गावाची
आडवी रेघ बघते बराच वेळ.
‘ही मी का? आडवी?
आणि तो?’
‘तोही त्यातच.’
‘एकाच रेघेत आम्ही दोघं?’
काळा हात तोंडावर.
‘लोक काय म्हणतील!’

मग तिघंही डोंगराकडे बघतात,
लोक कुठे आहेत ते.
यदुल्लाह म्हणतो, हो.

हसू तिलाच आधी फुटतं.
जाताना ती दोन मुठी अक्रोड कोंबते त्याच्या खिशात,
बजावते, ‘नुसरतचं विसरू नकोस.’
वीज त्या तिसऱ्या घरासाठी आली होती वरपर्यंत.
दवाखान्याची बाई महिन्यातून एकदा येते, तीही.
हे ती बोलत नाही. त्याला माहीत आहे.

हिवाळा संपताना तक्ता छापून येतो.
(चश्मे-तल्खचा मूळ कागद आग़ा तवक्कुलींनी परत पाठवला होता:
समासात अंगठ्याचा काळा डाग, नवीन प्रत करा.
त्याने केली. जुनी फेकली नाही.)
एकतीस ओळी, सात रेघा,
तळाशी एकूण: चार हजार एकशे बारा.

रात्री स्वयंपाकघरात, बायको झोपल्यावर,
फरामर्झ सगळ्या ओळींची बेरीज करतो.
चार हजार एकशे एक.
पुन्हा करतो. एकशे एकच.
तवक्कुली म्हणतील, मांडणी आहे ती, चूक नव्हे.
खरंच आहे.

अकरा माणसं,
जी एकूणात आहेत आणि कुठल्याच गावात नाहीत.
त्यातल्या नऊंचं त्याला सांगता येणार नाही,
ती कासिमच्या वाट्याची गावं.

उरलेल्या दोघांपैकी एक आज गुरुवार म्हणून
दुसऱ्याच्या चुलीपुढे वाकून फुंकर घालत असेल.
त्याच्या बोटांवरचा काळा रंग
अजून गेलेला नाही.