अर्जित रजा

तीनशे दिवस शिल्लक होते,
चौतीस वर्षांत न घेतलेले.
भूमी अभिलेखनं त्यांचे पैसे दिले
आणि मी त्या पैशांची नाव बांधली.

कचरू लिंबोरे म्हणाला, साहेब, शीड कशाला?
आमच्या आज्यानंबी नाही लावलं नाथसागरावर. इंजिन घ्या.
म्हटलं, इतकी वर्षं तहसीलच्या घाईनं मोजण्या केल्या,
आता वारा म्हणेल तेव्हा.

शीड शिवलं पैठणच्या मुनीरभाईनं,
जुन्या मंडपाचं कापड, म्हणून स्वस्तात.
वारा भरला की अजून वाचता येतं, फिकट निळ्यात:
भांडी भाड्याने मिळतील.

मुलगा फोनवर हसला, मग हसायचा थांबला.
आणि तुमचं बीपी?
ते सोबतच आहे, म्हटलं.

आत पत्र्याची पेटी, स्टो, ज्वारीचं पीठ,
निरोपाची शाल, अजून प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि ऑफिसनं भंगारात काढलेली मोजणीची साखळी.
तेहतीस फुटी, सोळा आण्यांची.
एका आण्यासाठी सख्खे भाऊ
माझ्यादेखत बोलायचे बंद झाले.
तिला दोर जोडून नांगर केलाय.
गाळात पडून असते. कुणाची हद्द सांगत नाही.

पहिला महिना मी नुसताच गोल फिरलो.
शीड कसं धरायचं ते हळूहळू हाताला कळलं,
म्हणजे दोनदा पाण्यात पडल्यावर.
रोहित पक्षी आले, मला न विचारता उथळात उभे राहिले.
रात्री पैठणचे दिवे, पलीकडे काहीच नाही,
आणि फळीखाली पाणी,
म्हातारं कुत्रं पाणी पितं तशा आवाजात.

प्रयाग आली नाही.
ती संभाजीनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं,
कधी दहाव्या, कधी पहाटे अडीचला.
मी एकदा म्हणून बसलो,
तू ज्याची वाट बघतेस त्याच्यावरच मी झोपतो.
चार दिवस तिनं फोन उचलला नाही.

धरण तिनं लग्नापासून पाहिलंच नव्हतं.
कोरडखेड उठलं तेव्हा ती सात वर्षांची.
कोरड नाव आणि बुडालं, असं म्हणत लोक हसायचे,
एवढंच ती सांगायची.

मग माघात एक दिवस काठावर उभी,
हातात डबा, पायात नवी चप्पल.
नावेत मधोमध बसली, दोन्ही कडा धरून.
तासभर बोलली नाही.
मग एकदम: थांबवा.

नाव अशी थांबत नाही.
शीड उतरवेस्तोवर आम्ही शंभर हात पुढं गेलेलो.
मागं घ्या, म्हणाली. अजून. डावीकडं.
त्या टेकडीचं नाक आणि ती खिंड एका रेषेत आली
की आमची विहीर.

मी हयातभर दुर्बीण लावून हेच करत आलो.
तिच्याजवळ दुर्बीण नव्हती. सात वर्षं होती फक्त.

साखळी सोडली. जात राहिली, जात राहिली.
दोर तिनं माझ्या हातातून घेतला.
लागलं, म्हणाली.
खरंच विहीर, की नुसता गाळ, मी विचारलं नाही.
नकाशा काढायला गेलो पेटीतून, तर म्हणाली,
कामून? राहू द्या.

डब्यातली भाकर खाल्ली. ती काठाकडं निघेल वाटलं,
पण तिनं शालीचं प्लास्टिक फाडलं आणि आडवी झाली.
मध्यरात्री अंधारातून: उद्या नळाचा वार आहे.
ड्रम कोण भरील?
मी काय बोलणार.

पहाटे उठलो तर ती झोपलेली,
आणि नावेतली कळशी, दोन्ही पातेली, तवासुद्धा,
माझा दाढीचा मग,
सगळं काठोकाठ भरून, झाकून ठेवलेलं.