उजव्या चाकामागे

रविवारी मिरोन येणार, म्हणून शुक्रवारी सकाळीच
मी पिकअपचा मागचा दिवा काढला,
चार स्क्रू, त्यातला एक गंजून बसलेला,
आणि भोकातून दंडापर्यंत हात आत घातला.
पत्रा आतून गार.
सप्टेंबर सरलाय, गहू कोठारात गेलाय,
योर्कटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तातो उलट्या बादलीवर बसलेत, कॉफीचा मग गुडघ्यावर.
"पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं," असं म्हणाले होते.
कुणीतरी.
पोच्यात बोटभर पिवळा ओरखडा आहे,
पेट्रोलपंपावरच्या खांबाचा पिवळा,
आणि तो खांब काही कुणाच्या अंगावर चालून जात नाही.
मी विचारलं नाही.
थिनरच्या बोळ्याने पिवळं पुसलं,
बोळा कोटाच्या खिशात टाकला.

"ठोकू नकोस. समजूत काढ त्याची," तातो म्हणाले.
"कडेकडेने ये. मधला खड्डा शेवटी."
आतून लोखंडी ठोकळा, बाहेरून हातोडी,
टक, टक, आणि पत्रा
रुसलेल्या पोरासारखा थोडा पुढे, थोडा मागे.
डोळे मिटून तळवा फिरवायचा, हे त्यांनीच शिकवलं:
डोळा फसतो, तळवा खोटं बोलत नाही.

मिरोन फोनवर म्हणाला होता,
या वेळी खांब होता, पुढच्या वेळी कुणाचं तरी पोर असेल.
(त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. विल्मा क्लासनने असेल.)
वाक्य खरं आहे.
खरं वाक्य डोक्यात ठेवून मी पत्र्याची समजूत काढत होते.

मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर.
निळा रंग उडाला, खाली करडा प्रायमर,
त्याच्याखाली चकचकीत पत्रा यायला हवा होता.
आला तो गुलाबी.
जुनी पुट्टी. ताटलीएवढी, एका कडेला जाड,
घाईत, कमी उजेडात भरलेली.

सतरा वर्षांची होते. कनोराहून नाचून परतताना
फाटकाच्या खांबाला हीच बाजू लावली, याच चाकामागे.
पोच्यावर चिखल थापला,
आठवडाभर रोज नवा चिखल.
पुढच्या सोमवारी सास्काटूनला कॉलेजात गेले.
नाताळात आले तेव्हा पोचा नव्हताच.
मला वाटलं, अंधार होता, भीती होती,
मोठा वाटला असेल, नसेलही पडला.
अठ्ठावीस वर्षं मला असंच वाटत होतं.

पेपर हातात थांबला.
मी वळून पाहिलं.
तातो रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर काहीच नव्हतं.
"आता एकशेऐंशीचा घे," म्हणाले,
"ऐंशीचे ओरखडे रंगातून वर येतात."

पुट्टी कालवली. थंडीत हार्डनर कणभर जास्त लागतो,
जास्तीचा कण जास्तच झाला तर पाट्यावरच दगड होतो.
एक पाटा वाया गेला. दुसरा बसला.
जुन्या गुलाबीवर नवा गुलाबी,
थोडा गडद, पण मीही पोत घाईतच ओढला.
दुपारी प्रायमर, शनिवारी रंग.
डब्यावरचा क्रमांक तोच, पण वीस हिवाळ्यांनी
गाडीचा निळा कुठल्या कुठे नेलाय.
दहा पावलांवरून कळत नाही.
तीन पावलांवरून कळतं.
मिरोन मिठी मारायला येतो तेव्हा एका पावलावर असतो.

शनिवारी संध्याकाळी तातोंनी किल्ली मागितली.
मी दिली. का दिली, हे अजून सांगता येत नाही.
त्यांनी पिकअप मागे घेतली, मान न वळवता, फक्त आरशात बघून,
एका दमात,
आणि उजवी बाजू कोठाराच्या भिंतीला लावून उभी केली.

उतरले, मग उचलला, आत गेले.
मी भिंत आणि पत्रा यांच्या मध्ये हात घातला.
एक वीत.
पुढून एक वीत, मागून एक वीत.
रंग अजून ओला होता, अंगठ्याला लागला.
खिशातल्या बोळ्याला पुसला.