आठ किलो तीनशे चाळीस

कळंबोलीत भंगाराच्या ढिगात ती पालथी होती,
नळ्यांत सुकलेला चिखल, हँडलला किल्ली नसलेलं कुलूप.
नऊशेला दिली.
चौरसिया म्हणाला, कुलूप फुकट.

माझ्या वहीत अकरा हजार होते.
भिशीचे आठ, बाकीचे शिलाई मशीन विकून.

सायकल हलकी करायची तर आधी पैसे लागत नाहीत,
पाना लागतो.
मडगार्ड उतरलं. कॅरिअर, स्टँड, घंटी.
गिअरचा तो सगळा प्रपंच, केबलींसकट.
मग ब्रेक.
ब्रेकचा नट सोडवताना हात जरा अडखळला,
आई नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली
आणि काही न विचारता परत गेली,
चहासकट.

मागच्या चाकाच्या खाचा खाली तोंड करून होत्या,
मला मागे उघडणाऱ्या हव्या होत्या.
तळोजा एमआयडीसीत एका लेझरवाल्याने
कुणाच्या तरी मोठ्या ऑर्डरच्या उरल्या कोपऱ्यातून
सहा मिलीमीटरचे दोन तुकडे कापून दिले.
जोडायला नियाझभाई. त्यांचा धंदा फ्रिजच्या नळ्यांचा.
"यात गॅस भरायचा नाही ना, मॅडम?"
लोखंड डाळिंबी झालं तेव्हा त्यांनी पितळेची काडी टेकवली,
पितळ पाण्यासारखं सांध्यात शिरलं.
सहाशे घेतले.
सुटलं तर परत घेऊन या, म्हणाले,
आणि थोडा विचार करून,
तुम्हीही परत या.

रिमा खारघरच्या एका डॉक्टरांच्या,
गुडघ्याने त्यांना शर्यतीतून बाहेर काढलं होतं.
स्पोक मी भरले, बत्तीस आणि बत्तीस,
पण चाक काही केल्या सरळ धावेना.
वरच्या मजल्यावरचे देवस्थळी तबल्याचा क्लास लवकर सोडून आले,
डोळे मिटून एकेक तार नखाने छेडत गेले.
हा उतरलाय. हा चढलाय.
हा तुझ्यासारखा, उगाच ताणलेला.
रात्री साडेअकराला दोन्ही चाकं सुरात आली.

रंग दिला नाही.
रंगाचेही ग्रॅम असतात, आणि डब्याचे चारशे रुपये.
खाडीची हवा लोखंड खाते,
म्हणून रोज झोपण्याआधी तेलाचा हात.
मशीन गेलं, त्याच्या तेलाची चपटी बाटली
खणात राहून गेली होती.

वजन चौरसियाच्याच काट्यावर.
आकड्याला टांगली, थोडी गिरकी घेतली, स्थिर झाली.
आठ किलो तीनशे चाळीस.
नेली तेव्हा चौदाच्या वर होती.
त्याने सवयीने हिशोब केला,
अठ्ठावीसच्या भावाने दोनशे तेहतीस. सुट्टे राहू द्या.

वहीत अकरा हजार दोनशे.
वरचे दोनशे आईच्या डब्यातले,
तिला अजून सांगितलेलं नाही.

ट्रॅक आपल्याकडे नाही.
तळोजा फेज टूमध्ये रस्ते आधी आले,
माणसं अजून यायचीत.
मधलं मोठं सर्कल पहाटे सव्वापाचला एकट्या माझं.
ट्रॅकवर वळायचं ते डावीकडे, कायम डावीकडे,
म्हणजे सर्कलला उलट्या फेऱ्या.
अर्ध्या बांधलेल्या टॉवरचा वॉचमन, इंगोले,
खुर्ची रस्त्याच्या कडेला ओढून ओरडला,
"ओ ताई, उलट्या चाललात!"

या सायकलवर नुसतं बसून राहता येत नाही.
चाक फिरतं तोवर पेडल फिरतं,
पेडल फिरतं तोवर मी.
थांबून उत्तर द्यायची सोयच नाही.

म्हणून पुढच्या फेरीत म्हटलं, माहितेय.
त्याच्या पुढच्या फेरीत त्याने विचारलं, ब्रेक?
त्याच्या पुढच्या फेरीत मी, नाहीत.
त्याने खुर्ची दोन हात मागे घेतली.
केवढ्याला?
अकरा,
असं म्हणेपर्यंत वळण आलं,
उरलेले हजार दोनशे एक फेरी उशिरा पोचले.

मग बराच वेळ तो गप्प.
मला वाटलं, झोपला असेल.
उजाडता उजाडता पुन्हा समोरून गेले
तर उभा होता, काठी बगलेत,
बोटं मिटलेली.
"चौदा!" म्हणाला.