तणसाची भिंत

मौद्याच्या पुढं, सूर नदीच्या अंगाला,
धान निघालं की बेलर येतो
आणि बांधीत चौकोनी गठ्ठे टाकत जातो,
दोन दोन सुतळ्यांनी आवळलेले,
जणू शेत कुठल्यातरी गावी निघालंय
आणि सामान बांधून ठेवलंय.

दरवर्षी आम्ही तणस पेटवायचो.
धुऱ्यावरचा पळस एका बाजूनं अजून काळा आहे.
यंदा सयत्रा काडेपेटी ओच्यात खोचून बसली.
"जाळू नका जी. बकऱ्यायले घर बांधून द्या याचं."

मी गवंडी माणूस.
बावीस वर्षं नागपुरात, बेसा, वाठोडा, पारडी,
दुसऱ्यांच्या चौथ्या मजल्यावर विटा चढवल्या.
वीट हातात आली की मनगट बोलतं:
ही पक्की, ही कच्ची, ही फेक.
गठ्ठा उचलला, तर मनगट गप्प.
"याची काय भिंत होते व?"
"मांडा तं आधी."

मांडली.
खाली नदीचे गोटे गुडघाभर,
कारण तणसाला ओल लागली की ते आतून आंबतं,
आणि वरून कुणाला सांगत नाही.
मग थरावर थर, विटेसारखीच सांधमोड,
मधून बांबूच्या खुंट्या ठोकल्या.
ओळंबा सोडला तर भिंतीला पोट.
करणीनं तासता येईना, थापीनं ठोकता येईना,
शेवटी गुडघ्यानं रेटली,
हट्टी म्हशीला रेटावी तशी.

डोमाजी मेहर सायकल थांबवून बघायचा.
"उंदरायचा बंगला झाला बे!"
रोज एकदा. कधी दोनदा.

छपराचं वजन चढवलं आणि थांबलो.
बसू द्यावी लागते ही भिंत.
तीन आठवड्यांत चार बोटं खाली आली.
शहरात माझी भिंत चार बोटं खाली आली असती
तर ठेकेदारानं मला तिच्यातच चिणलं असतं.

तेवढ्यात बोडखीनं दाराकडचा कोपरा खाल्ला.
अख्खा.
बावीस वर्षांत माझ्या कामाला नावं ठेवली लोकांनी,
खाल्लं कुणी नव्हतं.
मी दगड उचलला, आणि सयत्रा
मातीच्या ढिगावर बसून इतकी हसली
की माझ्या हातून दगड
आपोआप जोत्यातच लागला.

काळी माती भेगाळते, म्हणून पिवळी आणली.
शेण, कुटार, पाणी, आणि आम्हा दोघांचे पाय.
तुडवताना ती तिच्या माहेरच्या तळ्याचं सांगत होती,
किती वर्षांनी, कुणास ठाऊक.
गिलावा हातानंच थापला.
तिची बोटं उत्तरेच्या भिंतीवर आहेत, माझी दक्षिणेच्या.

आठव्या दिवशी गिलाव्यातून हिरवी टोकं निघाली.
कुठंतरी लोंबीत राहिलेले दाणे.
भिंत उगवते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
उपटायला हात धजला नाही.
बोडखीचा धजला. म्हणजे तोंड.

आता मे. पारा सेहेचाळीसवर.
माझ्या स्लॅबच्या घरात कूलर गरम वाफ फेकतो,
रात्री भिंतीला पाठ टेकवत नाही.
दुपारी मी बकऱ्यांकडं येतो,
गोणपाट टाकतो, जाड भिंतीला टेकतो.
बाहेर धुरा थरथरताना दिसतो,
आत नुसता रवंथ ऐकू येतो.
काल डोमाजीही आला. काही बोलला नाही.
सरक, एवढंच म्हणाला.

फोन वाजला. ठेकेदार.
"कुठं हायस बे? दोन दिवस झाले!"
"भिंतीपाशी," म्हटलं.
खोटं नव्हतं.
बोडखी माझ्या शर्टाची बाही चघळत होती,
मी चघळू दिली.